डबा क्र. १, नि-७: कामाच्या नोंदी

४ जून २०२४

आज लोकसभेची मतमोजणी. सगळी सदाशिव पेठ टीव्हीपुढे, माझ्या जुने फोटो साफ करायच्या दुकानात चिटपाखरू नाही. म्हणून दहा दिवस काउंटरखाली पडलेला माईंचा डबा एकदाचा वर काढला.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणावरचं चित्र घासून गेलेलं. आत ४३ फोटो, ११ निगेटिव्ह, एक पदक, एक रिकामा लिफाफा आणि तळाशी कधीच उडून गेलेल्या कापराची पुडी. दोन निगेटिव्हना आंबट वास मारतोय, कडा वळायला लागल्यात. ॲसिटेटची फिल्म व्हिनेगरसारखी आंबली की तिचे दिवस भरत आलेले असतात, आणि बंद डब्यात ती शेजारणींनाही सोबत घेऊन जाते. त्या दोघींना वेगळ्या कागदी पाकिटात घातलं, डबा रात्रभर उघडा ठेवला.

काम काय ठरलंय ते लिहून ठेवते, पुढे वाद नको. माईंची आत्या दुसऱ्या महायुद्धात लष्करात नर्स होती. घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघतेय, तीत आत्यांचा फोटो घालायचाय. जुन्या आवृत्तीत फोटो नाही, नुसती एक ओळ आहे: 'ब्रह्मदेशच्या आघाडीवर लष्करी रुग्णालयात सेवा.' संपादक म्हणजे माईंचे पुतणे, त्यांना सगळे दादा म्हणतात. १५ ऑगस्टच्या आत फोटो छापखान्यात जायला हवा. मी विचारलं, रुग्णालय कोणतं? "ते तुम्ही शोधा ना ताई, त्याचेच तर पैसे देतोय."

पैसे फोटो साफ करायचे ठरलेत, शोधायचे नाहीत. असो.

८ जून

४३ पैकी २८ घरगुती निघाले. मुंज, बारसं, कुणाचं तरी नवं घर. उरलेल्या १५ मध्ये एक पोस्टकार्ड होतं, ते चहा निवायच्या आत सुटलं. मोठा घुमट, दगडी कमानी, पायऱ्यांवर सैल, फिक्या कपड्यांतले गोरे सैनिक आणि खांद्यावर गडद केप घेतलेल्या दोन सिस्टर. घुमट मुंबईच्या म्युझियमचा, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा. संग्रहालय म्हणून ती इमारत १० जानेवारी १९२२ ला खुली झाली. त्याआधी पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होतं.

दादांनी हेच पोस्टकार्ड मोबाईलमधल्या ॲपवर रंगवून पाठवलंय. सैनिकांचे कपडे दुधाळ, टाय काळे, केप बाटलीसारखी हिरवी. एकही रंग बरोबर नाही. उपचार घेणाऱ्या ब्रिटिश सैनिकांना झगझगीत निळा सूट, पांढरा शर्ट आणि लाल टाय असा वेश मिळायचा. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नाही, तो काळा उमटतो. निळा उलट पांढरट होतो. म्हणजे दुधाळ कपडे निळे, काळे टाय लाल, आणि पूर्ण गडद केप म्हणजे लालभडक केप. ती ब्रिटिश लष्कराच्या क्वीन अलेक्झांड्रा नर्सिंग सेवेतल्या कायम नोकरीवाल्यांची. राखीव दलातल्यांची केप करडी, तिला फक्त लाल काठ. फोटोत काठच गडद दिसला तर सिस्टर राखीव दलातली समजायची. ॲपला यातलं काही ठाऊक नसतं. तो सरळ अंदाजाने रंग फासतो, आणि लोक तो रंग पुरावा म्हणून दाखवतात.

आत्यांचा जन्म १९१७ चा, तेव्हा हे त्यांचं नव्हे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकात, गेलेली सहावी डिव्हिजन पुण्याची. ती कुतच्या वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. त्या मोहिमेतले आजारी-जखमी बसऱ्याहून जहाजाने मुंबईला यायचे. इथे पुण्यातही डेक्कन वॉर हॉस्पिटल होतं, तिथे ऑस्ट्रेलियाहून आलेल्या नर्स काम करायच्या. घरातलं कुणीतरी त्या काळात पलटणीत असणार. बाजूला ठेवलं.

११ जून

सगळ्या निगेटिव्ह स्कॅन केल्या, २४०० डीपीआयवर. कामाची एकच, नि-७, म्हणजे सातवी निगेटिव्ह. सहा बाय नऊ सेंटिमीटरची, १२० च्या रोलची. हिची छापील प्रत डब्यात नाही.

वऱ्हांड्यापुढे पांढऱ्या पोशाखातल्या तीन सिस्टर, डोक्याला पांढरा रुमाल. वऱ्हांड्याचे खांब दगडी, वर मंगलोरी कौलं. सिस्टरांच्या पुढ्यात बाकावर एक हिंदुस्थानी जवान बसलाय. उजवा पाय गुडघ्याखाली कृत्रिम, पट्टे दिसावेत म्हणून विजार मुद्दाम वर दुमडलेली. बाजूला ॲम्ब्युलन्सचा पुढचा भाग, स्टिअरिंगवर ड्रायव्हर. गाडीवरचा क्रॉस काळा उमटलाय, तेव्हा फिल्म ऑर्थोच. लांब धूसर डोंगररेषा. अक्षर म्हणून कुठे नाही. ना पाटी, ना गाडीचा नंबर. उजव्या कडेला प्रकाश शिरून धूर झालाय, तिथे केरसुणी घेतलेली एक बाई अर्धवट दिसते. ती पट्टी कापून टाकली आणि मधला भाग दादांना पाठवला.

दादांचा पाच मिनिटांत फोन: "मधली ती आत्याआजी." मी प्रिंट घेऊन शुक्रवार पेठेत माईंकडे गेले. माईंनी चष्मा पुसून बघितला, भिंगातून बघितला आणि म्हणाल्या, "आत्यासारखी आहे, पण आत्या नाही." जरा थांबून, "काहीतरी वेगळंच दिसतंय गं तोंड."

माई ८४ वर्षांच्या आहेत. मी वहीत लिहिलं: 'वयोमानामुळे खात्री नाही.' हे वाक्य खोडत नाही, राहू दे.

१३ जून

सुभेदार काकांना दाखवलं. आर्मी मेडिकल कोअरमध्ये उभी नोकरी झालेला माणूस. बघायची पद्धत बघून ठेवण्यासारखी. चेहऱ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आधी खांदे, मग छाती, मग पाय, मग गाडी.

"दोन फुल्या आहेत खांद्यावर. लेफ्टनंट."

हुद्द्याच्या या दोन फुल्यांनी, म्हणजे चांदण्यांनी, मोठं काम केलं. हिंदुस्थानात लष्करी नर्सिंग सुरू झालं ते २८ मार्च १८८८ ला दहा प्रशिक्षित नर्स मुंबई बंदरात उतरल्या तेव्हापासून. इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस ही कायमची सेवा १९२६ ची. पण या बायकांना अधिकाऱ्याचं कमिशन मिळालं ते सप्टेंबर १९४३ च्या अध्यादेशाने. त्यांच्यात सुरुवातच लेफ्टनंटपासून, म्हणजे दोन फुल्यांपासून. पोशाख त्या सेवेचा असेल तर फोटो सप्टेंबर १९४३ च्या आधीचा असू शकत नाही. दादांच्या गोष्टीत आत्या '४२ साली रंगून पडताना तिथून चालत आल्या. चालत आल्या असतीलही, पण हा फोटो तेव्हाचा नव्हे.

मग काका गाडीवर आले आणि गप्प झाले. "स्टिअरिंग डावीकडे आहे. इकडच्या गाड्यांचं उजवीकडे. ही अमेरिकनांची डॉज असणार."

अमेरिकन म्हटल्यावर आसाम आणि लेडो रोड, म्हणजे आसामातून ब्रह्मदेशात जाणारा त्यांचा युद्धकाळातला रस्ता. १९४३ पासून मार्घेरिटाला अमेरिकनांचं २० नंबरचं जनरल हॉस्पिटल होतं. ब्रह्मदेशच्या सीमेवरच म्हणायचं. दादांना कळवलं. दादा इतके खूश झाले की त्यांनी शोधण्याचेही पैसे कबूल केले.

१९ जून

पदक बघितलं. दादांनी ते आधीच चिंचेने घासून लखलखीत केलंय. असं करू नये. वरची उठावाची रेघ न् रेघ झिजते. पण बोलून उपयोग नव्हता.

गोल, पांढऱ्या धातूचं, फीत नाही. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला नकाशा. "नकाशा आहे ना, बर्माचाच," दादा. नकाशाच्या वर इंग्रजीत चक्क 'इंडिया' लिहिलंय, खाली १९३९–४५. हे इंडिया सर्व्हिस मेडल. हिंदुस्थानातच, आघाडीपासून दूर, तीन वर्षं नोकरी केल्याबद्दल मिळायचं. ब्रह्मदेशच्या मोहिमेचा बर्मा स्टार पितळी रंगाचा, सहा टोकांचा. दोघांत गल्लत व्हायचं कारण नाही.

अर्थात बर्मा स्टार डब्यात नाही म्हणजे मिळालाच नाही असं नव्हे. कितीजणांनी पदकं मागूनच घेतली नाहीत, कितीजणांची हरवली. एवढं मात्र खरं की नोकरीचा मोठा भाग आत्यांनी हिंदुस्थानातच काढला. मग आसाम? तेही हिंदुस्थानातच. मी स्वतःची समजूत काढली. मनासारखं उत्तर हाताशी असलं की माणूस नकाशासुद्धा ओढूनताणून बसवतो.

३० जून

पालख्या आल्या. लक्ष्मी रोड बंद, दुकान अर्धं शटर. लिफाफा घेऊन बसले.

शिक्का पुसट, पत्त्यात गाव नाही, फक्त फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर. गाव नसतंच, शत्रूला कळू नये म्हणूनच तर नंबर. आणि नंबर म्हणजे जागा नव्हे. तो तुकडीबरोबर फिरतो, आज बंगालात तर चार महिन्यांनी ब्रह्मदेशातल्या अराकानात.

रुग्णालयांचंही तसंच, आणि इथेच सगळे फसतात. लोक विचारतात, हे हॉस्पिटल कुठे होतं? शांततेच्या काळात प्रश्न बरोबर आहे. छावणीतलं ब्रिटिश मिलिटरी हॉस्पिटल गोऱ्यांसाठी, इंडियन मिलिटरी हॉस्पिटल हिंदी शिपायांसाठी, दोन्ही एकत्र असलं तर कम्बाइन्ड. ही आपापल्या इमारतीत असायची. युद्ध लागलं की नंबरची जनरल हॉस्पिटलं उभी राहायची, आणि ती म्हणजे इमारत नव्हे, तुकडी. डॉक्टर, सिस्टर, नर्सिंग शिपाई, स्वयंपाकी, धोबी, भंगी, खाटा, तंबू असं सगळं बांधून आगगाडीत चढवायचं आणि दुसऱ्या गावी उतरवायचं. काका म्हणाले तसं, "हॉस्पिटल हलतं, भिंती राहतात." एकाच कॉलेजच्या इमारतीत पाठोपाठ दोन हॉस्पिटलं येऊन गेली असतील, आणि एका नंबराचे फोटो चार गावांतले असतील. म्हणून फोटोखालची ओळ नंबराची असेल तर वर्ष विचारायचं आणि गावाची असेल तर भिंती बघायच्या.

नि-७ च्या भिंती मला पहिल्या दिवसापासून खटकतायत. लिहिलं मात्र आज.

७ जुलै

लेडो रस्त्यावरच्या रुग्णालयांचे जेवढे फोटो मिळाले तेवढे बघितले. बांबूच्या तट्ट्यांचे, गवताने शाकारलेले बाशे, म्हणजे झोपड्या, नाहीतर तंबू. चिखल. खाली सिमेंटची जमीन असली तर चैन. आपल्या फोटोत काळ्या दगडाचे घडीव खांब आणि मंगलोरी कौल. मंगलोरी कौल जहाजाने कुठल्या कुठे जायचं हे मान्य, एकट्या कौलावरून गाव ठरत नाही. पण घडीव काळा दगड कोण वाहून नेतं आसामात?

शिवाय अमेरिकन हॉस्पिटलात अमेरिकन नर्स होत्या. तिथे तिघी हिंदी नर्सिंग सेवेतल्या आणि रुग्ण हिंदी जवान कसा? आणि हा पाय. असा नीट बसवलेला पाय जंगलाच्या तोंडाशी मिळत नाही. तोडलेल्या जागेची जखम पुरी भरायला, सूज उतरायला महिने जातात, मग माप घेतात. पाय बसवलेला जवान म्हणजे आघाडीपासून खूप मागे, आणि खूप दिवसांनी.

कृत्रिम पाय म्हटल्यावर पुण्यातल्या माणसाला जे आठवावं ते मला महिनाभर आठवलं नाही. वानवडीचं आर्टिफिशियल लिम्ब सेंटर, लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र. स्थापना १९४४, युद्ध चालू असतानाच.

आता गाडी अमेरिकन, खांब पुणेरी. काकांना फोन केला. म्हणाले, युद्धकाळात अमेरिकेच्या उसनवार कराराखाली डाव्या स्टिअरिंगच्या गाड्या ब्रिटिशांकडेही आल्या होत्या, एखादी पुण्यात आलीही असेल. असेल! मला असेल नकोय.

१६ जुलै

माईंकडे गेले ते खरं तर मुदत वाढवून मागायला. टॅब्लेट बरोबर होता, त्यात न कापलेला मूळ स्कॅन. माईंनी चित्र बोटाने सरकवायची गंमत नुकतीच शिकून घेतलीय. सरकवत सरकवत त्या उजव्या कडेच्या धुरापाशी गेल्या.

"ही कोण?"

"झाडूवाली असेल. कापलंय ते मी, प्रकाश शिरलाय तिथे."

"गुजराथीण आहे का?"

"का हो?"

"पदर उजव्या खांद्यावर आहे."

मी मोठं केलं. धुरातून नीट दिसत होतं. कासोटा, पोटऱ्यांपर्यंत चापून नेसलेलं नऊवारी, कमरेला खोचलेला पदर उजव्या खांद्यावरून आलेला. म्हटलं, "अहो माई, नऊवारी आहे. आपल्याकडचीच आहे."

"मग नऊवारी नेसून उजव्या खांद्यावर पदर कोण घेतं?"

मी गप्प.

"उलटा लावलायस तू फोटो," माई म्हणाल्या आणि चहाला उठल्या.

१७ जुलै, आषाढी

सकाळी उपासाच्या आधी दुकान उघडलं. निगेटिव्ह दिव्यापुढे तिरकी धरली. एक बाजू चकचकीत, एक मंद. मंद बाजू इमल्शनची, तिथे चित्र असतं. ११ जूनला स्कॅनरवर ठेवताना मी नि-७ पालथी ठेवली होती. फिल्म वळलेली होती, सपाट बसावी म्हणून पोट खाली केलं आणि बाजू बघायला विसरले. अठरा वर्षं हे काम करतेय. अक्षर असतं तर उलटं दिसलं असतं आणि मिनिटात कळलं असतं. एकही अक्षर नव्हतं, आणि फुल्या दोन्ही बाजूंनी सारख्याच दिसतात.

पुन्हा स्कॅन केलं. ड्रायव्हर गाडीच्या उजव्या बाजूला गेला. जवानाचा लाकडी पाय डावा झाला. केरसुणीवाली डाव्या कडेला आली, पदर डाव्या खांद्यावर. अमेरिका, मार्घेरिटा, लेडो रोड, सगळं एका कुशीवर वळण्यात संपलं.

दुपारी प्रिंट घेऊन माईंकडे. भिंगसुद्धा लागलं नाही. "ही आत्या." मधली नव्हे, काठाकडची. दादांनी दाखवलेली मधली आता कुणासारखीच वाटत नव्हती. भांग, तोंडाची एक कड जराशी खाली, सगळं जागेवर आलं होतं. माणसाचं तोंड दोन्ही बाजूंनी सारखं नसतं. आपल्या माणसाचं उलटं तोंड बघितलं की खटकतं, पण काय खटकतं ते सांगता येत नाही. माईंनी ११ जूनलाच सांगितलं होतं. नंतर मी आत्यांचा स्टुडिओतला फोटो शेजारी ठेवून कान ताडून बघितला. पाळी, वरची घडी, जुळलं.

माई चहा पिताना बोलत होत्या. आत्या लग्नानंतर दोन वर्षांत परत आली. सेवासदनात शिकली, रमाबाई रानड्यांनी १९०९ साली काढलेल्या. तिथून ससूनला नर्सिंग. तेव्हा घरात कुणी तिच्या हातचं पाणी पीत नसे, दिवसभर कुणाकुणाला शिवून यायची म्हणून. परसातल्या न्हाणीघरात आंघोळ करून मगच घरात. "आणि आता कुलवृत्तांतात घालायला निघालेत," माई म्हणाल्या. हसल्या पण.

२५ जुलै

रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून पाणी सोडलंय, नदीकाठची घरं पाण्यात. भिडे पूल दिसत नाही. दुकानात पाणी नाही, पण दमटपणा फार. निगेटिव्ह सिलिका जेलच्या पुड्यांसकट वरच्या फळीवर हलवल्या.

४ ऑगस्ट

डोंगर.

फोटो सुलटा झाल्यावर डोंगररेषा अशी: डावीकडे लांबट सपाट माथा, मग उतार, उजव्या टोकाला स्वतंत्र टेकाड आणि त्यावर बारीकसा फुगवटा. पार्वती असावी असं वाटत होतं, पण पुण्यातल्या माणसाला प्रत्येक टेकडी पार्वती वाटते. म्हणून आधी गणित केलं. या आकाराच्या निगेटिव्हच्या कॅमेऱ्यात भिंगाचं नाभीय अंतर साधारण १०५ मिलिमीटर. वानवडी-फातिमानगरहून पार्वती पाच-साडेपाच किलोमीटर. टेकडी आसपासच्या जमिनीपेक्षा पाऊणशे मीटर उंच धरली तर निगेटिव्हवर ती जेमतेम दीड मिलिमीटर येते, माझ्या स्कॅनवर १४० पिक्सेलच्या आसपास. मोजले: १३६. देवळाचा फुगवटा वीस-बावीस पिक्सेल. जुळतंय, पण मोजून जुळवलेल्याचा मला आता भरवसा राहिलेला नाही.

म्हणून आज मैत्रिणीच्या फातिमानगरच्या इमारतीच्या गच्चीवर गेले. अकरावा मजला. लष्कराच्या हद्दीकडे कॅमेरा रोखायचा नाही, तेव्हा नुसत्या डोळ्यांनी, हातात प्रिंट. पश्चिमेला इमारतींचं रान. पाऊस थांबला होता, हवा धुतलेली. दोन टॉवरच्या फटीत उजवीकडे पार्वती, कळसासकट, आणि तिच्या डावीकडे तळजाईचा सपाट माथा. उलट्या प्रिंटमध्ये पार्वती तळजाईच्या डावीकडे जाते. तशी ती दिसायला टेकड्यांच्या पलीकडे, पश्चिमेला जाऊन उभं राहावं लागेल.

मैत्रीण म्हणाली, "एवढ्यासाठी आलीस?" तिला कळायचं नाही. पंधरा मिनिटं तिथेच उभी होते.

उजेडही बसतो. कॅमेरा पश्चिमेला तोंड करून, सिस्टरांच्या तोंडावर ऊन, सावल्या मागे आणि उजवीकडे. सकाळची वेळ, सूर्य आग्नेयेकडून, म्हणजे हिवाळ्याकडचे दिवस. मे ते जुलै असता तर पुण्यात सकाळचं ऊन उत्तरेच्या अंगाने आलं असतं.

१० ऑगस्ट

दादा दुकानात आले. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "पण ओळ तर छापलेली आहे जुन्या आवृत्तीत."

मी म्हटलं, आत्या ब्रह्मदेशात गेल्याच नाहीत असं मी म्हणत नाही. लिफाफ्यावर फील्ड पोस्ट ऑफिस आहे, काही महिने कुठे पुढे पाठवलंही असेल. पण हा फोटो पुण्याचा आहे.

"पुण्यात काय युद्ध होतं?"

यावर मला राग आला. लष्कराची मोठी छावणी इथे, आगगाडीने जखमी इथे उतरायचे, पाय इथे बसवले जायचे. खडकीच्या युद्धस्मशानात दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी आहेत, ते काही खडकीत लढून मेले नाहीत. आघाडीवर पाय जातो त्याला एक क्षण लागतो. तो गेल्यानंतर चालायला शिकवायला सहा महिने, आणि ते शिकवणारी बाई या फोटोत उभी आहे. मी जरा मोठ्यानेच बोलले असणार, शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला.

दादा म्हणाले, बरं, "ब्रह्मदेश व पुणे" असं लिहू. मी म्हटलं फोटोखाली पुणेच. वर मजकुरात काय लिहायचं ते तुमचं तुम्ही बघा. ती धुराची पट्टी मात्र कापा, खराब दिसते, असं जाताना म्हणाले.

१४ ऑगस्ट

छापखान्यात फाइल गेली. फोटोखालची ओळ अशी दिली:

'वानवडी परिसरातील लष्करी रुग्णालय, पुणे. १९४४ किंवा त्यानंतर, बहुधा हिवाळा. उजवीकडून पहिल्या: आत्या (लेफ्टनंट, इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस). इतर दोन परिचारिका, बाकावरील जवान, वाहनचालक व डाव्या कडेची सफाई कामगार स्त्री यांची नावे ज्ञात नाहीत.'

पट्टी कापली नाही. धूर थोडा खाली आणला, तेवढाच. दादांना हे पुस्तक हातात आल्यावर कळेल.

माईंनी आठ बाय दहाची वेगळी प्रत मागितली, मॅट कागदावर, पैसे आगाऊ. त्यांना घरी नेऊन दिली. बराच वेळ बघत होत्या, आत्यांकडे नव्हे. "लुगडं जुनेर आहे, पण नेसलीय बघ कशी नीट. कामाला निघालेली बाई आहे." मग विचारलं, बाकीच्या निगेटिव्ह सरळ होत्या ना?

परत येऊन अकराही तपासल्या. नि-३ आणि नि-९ ह्याही मी पालथ्याच घातल्या होत्या. नि-९ ही आंबट वासाच्या दोघींपैकी एक, कड आणखी वळलीय, थांबून चालणार नाही. आत्ताच मंद बाजू नीट बघून, वर काच ठेवून सरळ स्कॅन केली. तोच वऱ्हांडा, खाटा उन्हात काढलेल्या, सिस्टर कुणी नाही. पायरीवर तीच बाई बसलीय, शेजारी केरसुणी, आणि मांडीवर साधारण वर्षाचं मूल. ते कॅमेऱ्याकडे बघतंय, ती मुलाकडे.

उद्या दुकान बंद. परवा नि-९ माईंकडे न्यायची.